मंगल टंकाचा कारागीर आणि शहपुऱ्याची कचेरी

जबलपूरहून इटारसीकडे जाणारा जो लोहमार्ग १८७० साली पुरा झाला आणि ज्याच्यामुळे मुंबई नि कलकत्ता ही दोन शहरे प्रथमच रुळांनी जोडली गेली, त्या मार्गावर भेडाघाट मागे पडल्यानंतर भिटौनी नावाचे एक लहानसे स्थानक लागते, आणि त्या स्थानकाच्या आश्रयाने वाढलेले जे तहसिलीचे गाव आहे ते शहपुरा. याच नावाचे दुसरे गाव दिंडोरी जिल्ह्यात आहे. येथे अभिप्रेत आहे ते जबलपूर जिल्ह्यातले. हिवाळ्यात या मुलखातून हिरव्या वाटाण्याच्या गोण्यांमागून गोण्या बाहेर पडतात, आणि एरवी गावाचा सारा व्यवहार बाजार व तहसील कचेरी या दोहोंभोवती फिरत राहतो. अशा गावाचा आणि बंगळूर-पुण्याच्या काचेच्या इमारतींत नांदणाऱ्या ‘डिजिटल प्रॉडक्ट डिझाइन’ या नव्या पेशाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे.

खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल आता पटवाऱ्याच्या बस्त्यातून निघत नाही, पडद्यावरून निघते. गहू हमीभावाने सरकारला विकायचा तर शेतकऱ्याला ‘ई-उपार्जन’वर नोंदणी करून आपला ‘स्लॉट’ राखून ठेवावा लागतो. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला लोकसेवा केंद्रातून मिळतो. आणि ही केंद्रे ज्या कायद्याच्या पायावर उभी आहेत तो लोकसेवा हमीचा कायदा देशात सर्वप्रथम मध्यप्रदेशाने, २०१० साली, केला. म्हणजे मुलकी कारभाराचे जे अंग पूर्वी शिरस्तेदाराच्या मर्जीवर आणि कारकुनाच्या बोरूवर अवलंबून होते, ते आता कोणा अज्ञात व्यक्तीने आखलेल्या रकान्यांवर, कळींवर आणि सूचनांवर अवलंबून आहे. ती अज्ञात व्यक्ती म्हणजेच प्रॉडक्ट डिझायनर. त्या पदावर कोणी माणूस नेमला होता, की संगणकतज्ज्ञाने जाता जाता रकाने मांडून दिले, हे पडदा पाहिल्याबरोबर कळते; आणि पुष्कळदा जे कळते ते सुखावह नसते.

या कचेरीच्या आसपास नोकरीच्या आशेने टंकन शिकणारी जी मुले दिसतात, त्यांच्या तोंडी दोन नावे सतत असतात: जुन्या पद्धतीच्या हिंदी टंकनाचा कृतिदेव आणि मंगल. मध्यप्रदेशात अनेक शासकीय पदांसाठी ‘सीपीसीटी’ ही संगणक-प्रावीण्याची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यातले हिंदी टंकन युनिकोडमध्ये, म्हणजे या मुलांच्या भाषेत ‘मंगलमध्ये’, करावे लागते. मंगल ही जणू एखादी पाठ करायची विद्या आहे, अशा स्वरात ती बोलतात. तो एका माणसाने, आपल्या तरुण सहकाऱ्यांना हाताशी घेऊन, घडवलेला अक्षरटंक आहे आणि तो माणूस मराठी कवी, सुलेखनकार व जाहिरातक्षेत्रातला कलासंचालक होता, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. खेदाची गोष्ट अशी की ते महाराष्ट्रातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

तो माणूस म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी, कलाक्षेत्रातले आर. के.

या लेखाला निमित्त झाले ते एका प्रश्नाचे. जबलपूरचे मराठीपण जुने आहे. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, पुढे १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाल्यापासून १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपूर राजधानीतून चालला, आणि त्या ओघात वकील, शिक्षक, रेल्वेचे व दप्तराचे कारकून म्हणून आलेली मराठी घरे येथेच रुजली. अशाच एका परिचित घरातील मुलीने, जिने उपयोजित कलेची पदवी घेऊन काही काळ पुस्तकांची चित्रे काढली होती, मला विचारले: “काका, आता यूएक्समध्ये, म्हणजे या प्रॉडक्ट डिझाइनमध्ये, गेले तर माझं चित्र शिकणं वाया गेलं असं होईल का?” तिच्या वडिलांच्या मते वाया जाणार होते आणि आईच्या मते आजवर वाया गेलेले आता कोठे मार्गी लागणार होते. दोघांचाही समज मला अपुरा वाटला. या पेशांतराची जी सर्वांत मोठी मराठी कथा आहे, तिच्याकडे पाहिल्याशिवाय त्या मुलीला उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

आर. के. जोशींचा जन्म १९३६ सालचा. मुंबईच्या जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकून ते जाहिरातीच्या धंद्यात शिरले आणि बाळ मुंडकुरांनी १९६१ साली स्थापन केलेल्या ‘उल्का’ या संस्थेत त्यांनी सुमारे वीस वर्षे कलासंचालकाचे काम केले. तो काळ मराठी कवितेला आणि जाहिरातकलेला एकाच टेबलावर बसवणारा होता. अरुण कोलटकरही त्याच धंद्यात होते. जोशींनी मराठीत दृश्यकविता लिहिली, म्हणजे जिच्यात शब्दाचा अर्थ आणि अक्षराची आकृती ही वेगळी काढता येत नाहीत अशी कविता. भारतातील सर्व भाषांना सामावणारी ‘देशनागरी’ नावाची एक समान लिपी त्यांनी कल्पिली. आज कोणी त्या लिपीत लिहीत नाही. परंतु एका अक्षरासाठी सुंदर वळण शोधणारा कलावंत आणि सगळ्या अक्षरांसाठी एक नियम शोधणारा कलावंत यांच्यात जो फरक असतो, तो त्या अयशस्वी उद्योगात प्रथम दिसतो. मला तर त्यांच्या पुढच्या आयुष्याचे बीज जाहिरातींपेक्षा तेथे अधिक आढळते.

१९८३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी भरल्या संसाराचा जाहिरातीचा पेशा सोडला आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, अध्यापक म्हणून ते गेले. ज्या वयात आपल्याकडे मनुष्य पेन्शनीचा हिशोब मांडू लागतो त्या वयात हे घडले, याची नोंद घ्यावी. आयडीसी ही संस्थाही अशाच एका पेशांतरातून जन्मली होती: जे. जे.त शिकून जर्मनीतल्या उल्म येथील प्रसिद्ध विद्यालयात गेलेल्या सुधाकर नाडकर्णींनी १९६९ साली तिची घडी बसवली. येथे जोशींना संगणक भेटला. १९९६पर्यंत त्यांनी अध्यापन केले आणि त्यानंतर एनसीएसटी या मुंबईतील शासकीय सॉफ्टवेअर संस्थेत, जी २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाली, ते अभिकल्पाचे काम पाहू लागले. तेथील ‘रघू’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला करण्यात आला. आणि मायक्रोसॉफ्टने जेव्हा विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीला प्रथम घर दिले, तेव्हा त्या घरात जे अक्षर राहावयास आले ते जोशींच्या दिग्दर्शनाखाली घडलेले ‘मंगल’. त्याच्याच सोबत तमिळसाठी लता, आणि पाठोपाठ तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा, गुजरातीसाठी श्रुती असे टंक आले. त्या वेळी जोशींनी साठी ओलांडली होती. २००८ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

इतका तपशील दिला तो चरित्राच्या हौसेने नव्हे. कलावंत जेव्हा डिजिटल वस्तू घडवू लागतो तेव्हा त्याच्या हातात नेमके काय बदलते, हे मंगलच्या एकेका अक्षरात पाहता येते.

जाहिरातीसाठी ‘दिवाळी’ हा शब्द लिहावयाचा आहे असे समजा. चित्रकाराला पुढचे-मागचे अक्षर ठाऊक असते. ‘दि’ची वेलांटी तो हवी तितकी लांबवील, ‘ळी’चा काना जरा बाहेर झुकवील, दोन अक्षरांमधले अंतर डोळ्याने तोलील, आणि छपाई झाली की ते अक्षर कायमचे तसेच राहील. टंकाच्या बाबतीत यातले काहीच ठाऊक नसते. जी वेलांटी ‘कि’वर बसावयाची तीच ‘स्त्रि’वर बसवली तर दांड्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून निरनिराळ्या लांबीच्या वेलांट्या काढाव्या लागतात आणि कोणती केव्हा घ्यावी याचा नियम लिहावा लागतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरे दिलेली आहेत. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफार आणि त्यांच्या जोड्या मिळून प्रत्यक्षात लागणाऱ्या आकृती त्याहून कितीतरी अधिक. त्या सगळ्या एका पिशवीत भरून वर आज्ञावली जोडावयाची, आणि मग पुढे कोण, कोठे, कोणता शब्द लिहील हे न पाहता निघून जावयाचे.

त्यात पडद्याची कृपणता. त्या काळच्या पडद्यावर साध्या मजकुराच्या आकारात शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजके ठिपके मिळत, आणि तेवढ्या ठिपक्यांत देवनागरीचे पोट, गाठ, दांडा नि उकार यांची वाटणी करावी लागे. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला भेद शिरोरेषेतल्या एका खंडावर नि एका गाठीवर अवलंबून आहे. तो खंड एका ठिपक्याने बुजला की खसऱ्यातला भोला मोला होतो, आणि मोल्याच्या नावावर शेत निघत नाही. ‘घ’ आणि ‘ध’ यांचेही तेच. सुलेखनात जी गोष्ट नजाकतीची, ती येथे दिवाणी दाव्याची होते. हा ठिपका कोठे ठेवावा हे ठरवावयाला यंत्राचे ज्ञान लागते हे खरे, परंतु त्याहून अधिक लागतो तो बोरूने हजारो ‘भ’ लिहिलेला हात.

आता ‘शहपुऱ्यात’ हाच शब्द टंकून पाहा. त्यातला ‘ऱ्य’ हिंदीला लागत नाही. मराठीला ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्याला’ असा तो पावलोपावली लागतो. युनिकोडच्या व्यवस्थेत त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ अशा क्रमाने जावे लागते; नुसता ‘र’ घेतला तर यंत्र इमानाने त्याचा रफार करून ‘शहपुर्यात’ असे लिहून देते. शहपुऱ्यातल्या टंकनवर्गात ही कळ शिकवण्याचे प्रयोजन नाही, त्यामुळे तेथून लिहिणारा मराठी माणूस स्वतःच्याच गावाच्या नावाशी अडखळतो. चूक टंकाची नाही, नियम तेथे आहे. परंतु तो नियम माणसाला सापडेल अशा जागी ठेवणे हेही अभिकल्पाचेच काम होते, आणि ते पुष्कळ वर्षे कोणी केले नाही.

याहून मौजेची गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची. मराठी वळणाचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ हिंदीहून निराळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ साली लिपीविषयक निर्णय काढून ती वळणे प्रमाण मानली. मंगलमध्ये मात्र दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची. मराठी सुलेखनात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या दिग्दर्शनाखाली, जगभर जाणाऱ्या टंकात, आपल्या बालपणीच्या पाटीवरचा ‘ल’ नसावा, याचे मराठी लोकांनी वाईट वाटून घेतले तर ते समजण्याजोगे आहे. पण त्या टंकावर भार होता तो कोट्यवधी हिंदी वाचकांचा, आणि स्वतःच्या आवडीला तेथे मत नव्हते. कवीच्या जागेवरून कारागिराच्या जागेवर येणे ज्याला म्हणतात ते हेच. माझ्या मते संगणक शिकण्यापेक्षा हे कठीण आहे, आणि या पेशात येऊ पाहणाऱ्या कलावंतांपैकी जे परत फिरतात ते बहुधा या उंबऱ्यावरून फिरतात.

परदेशातली कथाही निराळी नाही. सुसान केअर ही शिल्पकार एका संग्रहालयासाठी रानडुकराचे धातुशिल्प घडवीत असताना मित्राने तिला अॅपलमध्ये बोलावले. १९८३ साली ती तेथे गेली आणि चौकटींच्या वहीवर, बत्तीस गुणिले बत्तीस घरांत एकेक चौकोन काळा करीत, तिने मॅकिंटॉशची चिन्हे काढली. कागद टाकण्याची पेटी, हसरा संगणक ही तिची निर्मिती. संगणक तिला येत नव्हता. भरतकाम आणि मोझेक येत होते, आणि ठिपक्यांच्या कामाला तेवढी विद्या पुरली.

जबलपूरलाही या परंपरेत स्वतःचे स्थान आहे. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान ज्यांनी अलंकृत केले ते ब्योहार राममनोहर सिन्हा जबलपूरचे. संविधानाची पाने सजवणाऱ्या नंदलाल बोस यांच्या मंडळात त्यांनी केलेले काम म्हणजे, नीट पाहिले तर, एका राजकीय दस्तऐवजाचे दर्शनी रूप ठरवणे होते. मध्यप्रदेशातल्याच मराठी वाकणकर कुटुंबात भीमबेटकाचे संशोधक व चित्रकार विष्णु श्रीधर वाकणकर होऊन गेले, आणि त्यांचे वडील बंधू लक्ष्मण श्रीधर यांनी भारतीय लिपींच्या रचनेचा व मुद्रणाचा ध्यास घेतला. आणि आज शहराच्या डुमना भागात, २००५ साली स्थापन झालेली, माहिती-तंत्रज्ञान, अभिकल्प आणि निर्मिती या तीन विद्या एकाच नावात धरणारी केंद्रीय संस्था उभी आहे. तेथे डिझाइनची पदवी घ्यावयाची तर आयआयटी मुंबई घेत असलेली ‘यूसीड’ परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत आजही कागदावर पेन्सिलीने चित्र काढावे लागते. त्या मुलीच्या वडिलांना मी एवढेच सांगितले. त्यांचा चेहरा पुष्कळच निवळला.

तथापि आईचे समाधान करणे मला शक्य झाले नाही, कारण ‘मार्गी लागणे’ म्हणजे काय हा प्रश्न उरतोच. गेल्या काही वर्षांत या पेशात नेऊन सोडण्याची हमी देणारे लघुमुदतीचे अभ्यासक्रम उदंड झाले आहेत. त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे ‘पोर्टफोलिओ’ मी पाहिले आहेत. फिग्मा नावाच्या साधनावर सफाईने आखलेले जेवण मागवण्याचे अॅप, सिनेमाच्या तिकिटांचे अॅप, ध्यानधारणेचे अॅप. रंग सौम्य, कडा गोलाकार, आणि ज्याच्यासाठी हे केले तो माणूस कोठेच नाही. ‘यूजर रिसर्च’ या मथळ्याखाली चार मित्रांना विचारलेले पाच प्रश्न असतात. चित्रकलेची, नाटकाची किंवा पत्रकारितेची पार्श्वभूमी असलेले मूल या रांगेत जाऊन उभे राहते आणि आपली खरी शिदोरी, म्हणजे माणसाकडे टक लावून पाहण्याची सवय, जुना पेशा म्हणून दाराबाहेर ठेवून येते, याचा मला राग येतो.

पूर्वी प्रत्येक कचेरीच्या आवारात झाडाखाली अर्जनवीस बसत असे. गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस उलटसुलट, आठवेल तसे, मध्येच सासुरवाडीचा तंटा घालून सांगे; अर्जनवीस ते ऐकून घेई, त्यातले कायद्याच्या कामाचे निवडी आणि हुजुरांना समजेल अशा क्रमाने कागदावर उतरवी. आजचा डिझायनर हा त्या अर्जनविसाचा वारस आहे, फरक इतकाच की गाऱ्हाणे सांगणारा माणूस त्याच्या समोर बसलेला नसतो. मध्यप्रदेशात प्रत्येक कुटुंबाला ‘समग्र’चा आठ अंकी क्रमांक असतो आणि त्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला वेगळा नऊ अंकी. अर्जाच्या रकान्यावर नुसते ‘समग्र आयडी’ असे लिहून ठेवले, तर म्हातारा बाप यांतला कोणता क्रमांक घालील? चुकीचा घातल्यावर ‘अमान्य’ असा लाल शब्द उमटला, तर तो चूक सुधारील की घरी परत जाईल? रकान्याखाली ‘तुमचा स्वतःचा, नऊ आकडी’ एवढे शब्द लिहिणे, आणि आठच आकडे आले तर ‘हा कुटुंबाचा क्रमांक दिसतो’ असे सांगणे, यात कसलीही चित्रकला नाही. परंतु हे सुचावयाला ज्याने रेखाटनवही घेऊन बाजारात, फलाटावर, दवाखान्यात माणसे पाहिली आहेत असा डोळा लागतो. बातमीदाराला ते सुचेल, एकांकिका लिहिणाऱ्याला सुचेल. भाषेवर ज्यांचा हात आहे अशा लेखकांना या धंद्यात आज जी मागणी आहे ती याच कारणाने.

मोबदल्यात काय जाते, तेही सांगितले पाहिजे. सही जाते. चित्राच्या कोपऱ्यात नाव असते, पुस्तकाच्या पानावर असते, कळीवर नसते. वस्तू पुरी होण्याचा आनंदही जातो, कारण ही वस्तू कधीच पुरी होत नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मध्ये मंगलची मानाची जागा ‘निर्मला’ नावाच्या टंकाने घेतली, आणि त्याबद्दल कोठे शोकसभा झाली नाही. काम समितीत चालते. अभियंता, व्यवस्थापक, कायदेवाले असे पाचजण तुमच्या रेषेवर बोट ठेवतात. ज्याला हे सोसणार नाही त्याने जाऊ नये, आणि न जाण्यात कमीपणाही नाही. जोशींनी स्वतः सुलेखन अखेरपर्यंत सोडले नव्हते. ज्या हाताने पडद्यासाठी ठिपके मोजले त्याच हाताने त्यांनी कागदावर मुक्त अक्षरे लिहिली, आणि दोन्ही कामांत कोणते श्रेष्ठ या वादात ते पडल्याचे दिसत नाही.

त्या मुलीला मी जा म्हणून सांगितले, मात्र एका अटीवर: पोर्टफोलिओत जेवणाचे अॅप नको, शहपुऱ्याच्या लोकसेवा केंद्रासमोर बसून कोणता माणूस कोणत्या रकान्याशी अडला त्याची चित्रवही असावी. हीच विनंती डुमन्याच्या संस्थेला आणि आपल्या जे. जे.सारख्या कलाशाळांना जाहीरपणे करावीशी वाटते. शासनाचा नवा अर्ज भोपाळहून सुटण्यापूर्वी तो अशा एखाद्या तहसिलीत चार दिवस चालवून पाहावा, आणि ते काम कलेच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे. त्यासाठी फार मोठा खर्च येणार नाही. शहपुरा जबलपूरपासून तीसेक किलोमीटर आहे. सकाळी निघाले तर कचेरी उघडण्यापूर्वी पोहोचता येते.